हिर्डोशीत रग्बी, आणि आम्ही कधीच न बोललेला एक सामना

सप्टेंबरातल्या एका दुपारी मोबाईलवर सुनंदाचा आवाज ऐकला, तीन वर्षांनी.

पुण्यात कॉलेजच्या वयात आम्ही मुली एका क्लबकडून रग्बी खेळायचो. आता कुणी बँकेत आहे, कुणी परगावी, पण जुन्या खेळाडूंचा ग्रुप टिकून आहे. महिलांचा विश्वचषक इंग्लंडमध्ये सुरू झाल्यापासून तिथे सकाळ-संध्याकाळ वाद चालले होते: अमक्या संघाचा बचाव ढिला, तमक्या पंचाला डोळे नाहीत. सुनंदा एवढी वर्षं त्या ग्रुपमध्ये होती, पण एक अक्षर लिहीत नव्हती. त्या दुपारी तिने आदल्या दिवशीच्या सामन्यावर दोन मिनिटं बोलून पाठवलं आणि शेवटी म्हणाली, "आमच्या हितं समाजमंदिरात मॅच बघत्यात समदी. शनवारी साडेचारची हाय. कुणाला यायचं असंल तर या."

'कुणाला' म्हणजे मला नाही, असं मी दोन दिवस स्वतःला सांगितलं. मग शनिवारी सकाळी स्वारगेटला जाऊन भोरची एसटी पकडली.

कारण सांगायलाच हवं. तीन वर्षांपूर्वी एका सराव सामन्यात सुनंदा बॉल घेऊन धावत होती आणि तिला मी पाडलं. तिच्या मानेच्या मणक्याला मार बसला. तेव्हापासून तिला चालता येत नाही.

प्रवासाचं आधी सांगते. स्वारगेटहून भोरला दोन तास धरा. कापूरहोळला महामार्ग सुटला की रस्ता अरुंद होतो. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. भोर स्टँडवर उतरल्या उतरल्या खिडकीवर हिर्डोशीच्या, म्हणजे सुनंदाच्या गावच्या, गाडीची वेळ विचारून घ्या, कारण गाड्या मोजक्याच आणि चुकली तर अर्धा दिवस जातो. पावसाळ्यात वरंधा घाट बहुतेक बंद असतो, तेव्हा पलीकडे महाडला उतरू असं गृहीत धरू नका. मी स्टँडबाहेर मिसळ मागवली आणि अर्धी तशीच ठेवली. मिसळीत काही खोट नव्हती.

राजगड-तोरणा करायला वेल्ह्याकडे गाड्यांची रांग लागते. भोरच्या या टोकाला तेवढं कुणी येत नाही. देवघर धरणाचं पाणी बराच वेळ रस्त्यासोबत राहतं. भात पोटरीला आला होता, उतारावर पिवळी सोनकी फुलली होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाकडं?" मी सुनंदाचं नाव सांगितलं. "ती मॅचवाली व्हय?" त्या म्हणाल्या. "लई हुशार पोरगी."

फाट्यावर सुनंदाचे वडील उभे होते. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मी येतेय हे कळवलं होतं, पण ते न्यायला येतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी माझी पिशवी घेतली. वाटेत फक्त एवढंच बोलले, "चिखल हाय, दमानं या."

सुनंदा ओसरीवर चाकाच्या खुर्चीत बसली होती. केस कापलेले, खांदे बारीक झालेले. पूर्वी तिला गाठायला आमची निम्मी टीम लागायची. ती म्हणाली, "आलीस? जेवून घे." तिच्या आईने नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी आणि भात वाढला. जेवताना आम्ही गटातल्या गुणांचं बोललो. कोण उपांत्यपूर्व फेरीत जाईल, कोण नाही. दोघींनाही तेच सोपं होतं.

त्यांच्या घरात रेंज नाही. गावात ती येते समाजमंदिराच्या पडवीत, म्हणून सामन्याच्या दिवशी तात्या आणि शेजारचे दोघे सुनंदाची खुर्ची उचलून पायऱ्या चढवतात. तिथे एका खोक्यावर मोबाईल उभा केलेला होता. समोर पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसली होती. अगदी पुढे हिरामावशी, शेजारच्या, शेरडं राखणाऱ्या. शेरडं लवकर कोंडून त्या आल्या होत्या.

संघांची नावं तिथे कुणी घेत नव्हतं. एक लाल, एक निळा.

"निळ्या दमल्या," तात्या म्हणाले. "कडंला माणूसच न्हाई त्यांचं."

"बॉल फुडं पडला!" हिरामावशी ओरडल्या. "फुडं पडला की त्यांचा गेला, व्हय ना गं सुनंदा?"

"व्हय मावशी. पर आता लाल काय करत्यात ते बघा. त्या डावीकडं जाणार." आणि लाल संघ खरंच डावीकडे गेला.

मैदानावर सुनंदा अशीच असायची. पुढचं तिला आधी दिसायचं.

उत्तरार्धात एका निळ्या खेळाडूने लाल मुलीला गळ्यापाशी धरून पाडलं.  पंच मैदानावरच्या मोठ्या पडद्याकडे गेल्या, पुन्हा पुन्हा तेच दृश्य दाखवलं गेलं. मी खाली बघत होते.

"खांद्याच्या वर हात गेला की कार्ड," तात्यांनी सगळ्यांना समजावलं. कार्ड मिळालं. निळी खेळाडू बाहेर गेली.

हिरामावशींनी मागे वळून विचारलं, "मंग आपल्या सुनंदाला जिनं पाडलं, तिला काढलं व्हतं का भायेर?"

  सुनंदाने मोबाईलवरची नजर हलवली नाही.

"नाही मावशी," मी म्हणाले. "शिट्टीसुद्धा वाजली नाही. आणि ती मीच होते."

कुणीतरी खोकलं. मोबाईलमधले इंग्रज बोलत राहिले. हिरामावशींनी मला नीट पाहून घेतलं, आणि म्हणाल्या, "मंग इतकी वर्सं कुठं व्हतीस?"



"मॅच बघा," सुनंदा म्हणाली. आम्ही मॅच बघितली. लाल संघ जिंकला.

खुर्ची घरी आणल्यावर तिने मला ओसरीवर थांबवलं. अजून उजेड होता.

"मावशीनं इचारलं त्ये म्याच इचारणार व्हते," ती म्हणाली. "तू उंच धरलंस. व्हतं तसं, म्यापण धरलंय कैकदा. त्याचा राग दवाखान्यातच गेला. तू आली न्हाईस, त्यो न्हाई गेला. अजून हाय."

"मला तोंड दाखवायची लाज वाटली."

"लाज तुझी. दिवस माझं गेलं."  मग ती म्हणाली, "जगातल्या समद्या मॅचा बोलतो आपण. आपली न्हाई बोललो कधी. मला पडायच्या आदलं धा मिंटं बी आठवत न्हाईत. सांग."

मी सांगितलं. तीन वर्षं जे रोज आठवत होतं ते पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. तिने मध्यातून दोघींना चकवलं होतं. समोर मी एकटी उरले होते. मला वाकायला हवं होतं, पण वाकले तर ती निसटेल हे माहीत होतं, म्हणून मी उभ्यानेच अंग टाकलं. ती डोळे मिटून ऐकत होती, मधेच विचारत होती. वारा कुठून होता? डावीकडे कोण मोकळी होती?

"बॉल सुटला का हातातनं?"

"नाही. तू पडलीस तरी छातीशीच होता. डॉक्टर आले तेव्हा मी तुझे हात सोडवून तो काढला."

"सुटला न्हाई," ती म्हणाली. तिने डोळे उघडले, आणि मग ती रडली. मीही रडले. तिची आई आली आणि दिवा लावून आत गेली.

सकाळी तिचे पाय हलवून घ्यायचा व्यायाम असतो. तात्या रोज एकटे करतात. मी दुसरा पाय धरला. तो इतका हलका उचलला गेला की मला क्षणभर पुढे काय करायचं ते सुचेना. "गुडघ्यातनं वाकीव," सुनंदानेच सांगितलं.

एसटीपर्यंत तात्या आले. गाडी दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "तुमी दवाखान्याच्या दारात उभ्या व्हता एक दिस. म्या बघितलं व्हतं. तुमी माघारी गेला, आन म्या हाक मारली न्हाई. मारायला पायजे व्हती." मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवी गाडीत ठेवली होती.

पुण्यात परतल्यावर ग्रुपवर मी लिहिलं की सुनंदाला पाडणारा तो टॅकल उंच होता आणि माझा होता. सगळ्यांना ते माहीत होतं. लिहिलं कुणीच नव्हतं. हिर्डोशीच्या भागात काय बघण्यासारखं आहे असं विचारणाऱ्यांना मी धरणाचं पाणी, सोनकी, नाचणीची भाकरी सांगते. ते खरंच आहे. पण ज्यांचं कुणी तिथे किंवा आणखी कुठे वाट बघून रागावलेलं आहे, त्यांना एवढंच सांगेन की सुट्टीची वाट बघू नका.

विश्वचषक संपला. आता शनिवारी जिथली मिळेल तिथली मॅच असते आणि साडेचारच्या आधी, ती पडवीत पोचली की, मी फोन लावते. कधी सुनंदा तासभर बोलते, बचावाची चिरफाड करते. कधी "आज बोलायचं न्हाई तुझ्याशी" एवढंच म्हणून फोन ठेवते. मग मी मॅच एकटी बघते, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा लावते.