दोन पंपांचा मसावि

अकोल्याच्या एमआयडीसीत गाडी अर्धी भरून झाली होती, तेव्हा मी गावंडेभाऊंना म्हटलं, माल थांबवा. भाऊ त्या कारखान्याचे मालक. मोबाईलवरून शेतातली मोटर चालू-बंद करणारे कंट्रोलर ते बनवायचे. त्यांची सिक्युरिटी तपासायला अमरावतीच्या आमच्या ऑफिसने मला पाठवलं होतं.

प्रत्येक कंट्रोलरला स्वतःची एक प्रचंड संख्या असते, सहाशेच्या वर अंकांची. दोन मूळ संख्यांचा तो गुणाकार. ही संख्या सगळ्यांना दिसते, पण तिचे अवयव कुणाला पाडता येत नाहीत. त्यावरच सगळं कुलूप उभं.

भाऊंनी तेच विचारलं. "मॅडम, एवढा मोठा नंबर कोन फोडून राहिलं?"

एकटा नंबर कुणालाच फुटत नाही, हे मी मान्य केलं. पण दोन नंबरांत एक अवयव सारखा असेल तर? १४३ आणि १८७ घ्या. १८७ ला १४३ ने भागलं की ४४ उरतात. १४३ ला ४४ ने भागलं की ११. ४४ ला ११ ने पूर्ण भाग जातो. मसावि ११, आणि दोन्ही संख्या उघड्या पडल्या. सहाशे अंकांनाही कॉम्प्युटर हेच करतो, क्षणात. भागाकाराने मसावि मला धामणगाव रेल्वे या गावच्या शाळेत बाईंनी शिकवला. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानते.

भाऊंच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये एक अवयव सारखा निघाला. पहिल्यांदा चालू करताना सगळ्यांचं घड्याळ शून्यावर असायचं आणि पहिली मूळ संख्या त्या घड्याळावरून निवडली जायची; दुसरी निवडेपर्यंत प्रत्येकाचं घड्याळ थोडं वेगळं पुढे गेलेलं असायचं.

भाऊंना पटेना. मग मी त्यांच्या टेबलावरची टेस्टची मोटर माझ्या लॅपटॉपवरून चालू केली. पासवर्ड मला कुणी दिलेला नव्हता.

 भाऊ म्हणाले, "मोबाईलवरून बंद केली म्हून मानूस विहिरीत उतरला, अन् दुसऱ्या कोनी चालू केली तं?"

 त्यांनीच बाहेर जाऊन गाडी उतरवायला सांगितलं.

मी घाबरले होते. क्लायंट तुटला तर? ऑफिसला फोन केला. सरांनी एवढंच विचारलं की हिशोब दोनदा तपासलास का. हो म्हटल्यावर म्हणाले, मग तिथेच थांब आणि दुरुस्त करूनच ये.

आम्ही घड्याळ सोडलं. मोटरच्या करंटचं रीडिंग सतत थोडं हलतं, ती हालचाल मूळ संख्या निवडायला वापरली. पुन्हा प्रत्येक जोडीचा मसावि काढला. सगळीकडे एक, म्हणजे सामाईक अवयव कुठेच उरला नव्हता.

तोवर बार्शीटाकळीचा डीलर रोज फोन करायचा. उशीर कावून, असं विचारायचा. भाऊ त्याला सांगायचे की चूक आमची होती, आमालेच सापडली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांवर त्यांनी काही ढकललं नाही. माल उशिरा गेला, पण सगळा गेला. असा क्लायंट आणि असे सर एकाच कामात मिळाले, हे माझं नशीब.

तेव्हापासून कुणी मोठी संख्या दाखवली की ती किती मोठी आहे हे मी नंतर बघते. ती निवडली कशी, हे आधी विचारते.