अण्णांची दशक्रिया आणि यमदूत बबन

माझ्या कादंबरीचं पहिलं पान वाचून दीडशे माणसं रडली. दुसरं पान आजतागायत कुणीही वाचलेलं नाही.

हा अन्याय आहे, आणि अन्याय दिसला की मी पत्रक काढते. कर्जत तालुक्यात मी एवढी पत्रकं काढलीत की भेळवाल्यांना रद्दी विकत घ्यावी लागत नाही. 'दशक्रियेच्या जेवणावळी बंद करा!' हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. पण ही पत्रकं शब्दन् शब्द वाचणारा माणूस एकच : अण्णा, माझे चुलते. वाचून म्हणायचे, "उद्गारचिन्हं कमी कर. मानूस दचकतं." (केली नाहीत!)

म्हणून मी तरुणांसाठी कादंबरी लिहिली तेव्हा ती आधी अण्णांनी वाचावी, एवढीच माझी इच्छा होती. गोष्ट अशी : नगरच्या जुन्या बसस्थानकावर मेलेल्या माणसांना परलोकाची गाडीच मिळत नाही. आरक्षण खिडकीवर यमदूत बबन. तो रोज म्हणतो, "उद्या या." शेवटी सतरा वर्षांची आर्या आपल्या मेलेल्या आजोबांसाठी सगळ्या भुतांना घेऊन तिथंच धरणं धरते! सुरुवात झोकदार हवी म्हणून पहिलं पान मी आजोबांच्या दशक्रियेच्या पत्रिकेसारखं लिहिलं. गुरुवार, सकाळची वेळ, खाली शोकाकुलांची यादी : आर्या, यमदूत बबन वगैरे. आजोबांना नाव सुचेना, म्हणून अण्णांचं दिलं. पूर्ण. गावासकट.

"मोबाईलवर डोळं दुखत्यात," अण्णा म्हणाले. "छापून आन, वाचतो."

आमची पत्रकं शकीलभाईंच्या प्रेसवर छापली जातात. तालुक्याच्या दशक्रियेच्या पत्रिकाही तिथंच. 'एक प्रत काढा' अशी चिठ्ठी लावून मी पेनड्राइव्ह त्यांच्या टेबलावर ठेवला आणि नगरला धरण्याला जाऊन बसले. फोन बंद. (घोषणेच्या मध्येच फोन वाजला की लय जाते.)

शकीलभाईंनी पहिलं पान उघडलं. दुसरं उघडायची त्यांची हिंमतच झाली नाही. 'एक प्रत' वाचून ते म्हणाले, "दुःखात पोरीला काय सुचतंय!" हातातल्या लग्नपत्रिका बाजूला सारून त्यांनी दोनशे प्रती छापल्या आणि टेम्पोवाल्यांच्या हाती जामखेडपासून बेलापूरपर्यंत पोचवल्या. यादीतल्या बबनच्या मागचा 'यमदूत' त्यांना टायपिंगची चूक वाटला. तेवढा काढला. आणि आमच्याकडे पत्रिका आली की कुणी फोन करून खात्री करत नाही. टोपी घालून निघतात.

गुरुवारी सकाळी मी घरी पोचले तर अंगणभर पांढऱ्या टोप्या, आणि अण्णा स्वतःच्या दशक्रियेला आलेल्यांना चहा देतायत!

"ह्ये काय गं?" त्यांनी पत्रिका माझ्यापुढं धरली. "मी मेलो, आन् मलाच सांगितलं न्हाई?"

"अण्णा, कादंबरी आहे ती!"

"मंग मानसं खरी कशी आली?"

एक पाहुणे मागून म्हणाले, "जेवनावळी बंद करा म्हनत गावभर फिरली, आन् घरात येळ आल्यावर दोनशे पत्रिका!"

तेवढ्यात बेलापूरचा टेम्पो आला आणि आत्या उतरली. अण्णांची सख्खी धाकटी बहीण. सावरायला मी पुढं झाले, पण ती रडत नव्हतीच. पत्रिका नाचवत आली.

"शोकाकुलात ही आर्या कोन? हा बबन कोन? आन् सख्ख्या भनीचं नाव न्हाई?"

"कमळे, मी जित्ता हाय," अण्णा म्हणाले.

"तू मधी बोलू नगंस, दादा! तुजं नाव हाय की, मोठ्या टायपात!"

"आत्या, बबन यमदूत आहे," मी खुलासा केला.

"यमदूताचं घातलं, आन् माजं न्हाई!" आता मात्र तिनं असा गळा काढला की अण्णांनाही स्वतःसाठी भरून आलं.

एवढी माणसं उपाशी कशी पाठवायची? चूल पेटली, आमटी-भात झाला. वाढायला कोण? 'जेवणावळी बंद करा!'च्या लेखिका! अण्णा पंगतीत बसले, दोनदा भात घेतला आणि जाहीर केलं, "माज्या दशक्रियेला मीच जेवलो. आता परत करू नका."

शकीलभाई धावत आले, अण्णांना बघून दारातच मटकन बसले. मग त्यांनीच कादंबरीची एक प्रत बांधून आणून दिली. अण्णा ती काखेत घेऊन हिंडायचे.

"कुठवर आलात?" मी विचारायची.

"लई पुढं."

गेल्या साली अण्णा खरंच गेले. मी फोन लावले तर प्रत्येकजण विचारायचा, "नक्की ना गं? का दुसरी आवृत्ती?" जेवणावळ मात्र झाली नाही. त्यांनीच सांगून ठेवलं होतं ना! माझं एवढं एकच पत्रक यशस्वी झालं, तेही अण्णांनी दोनदा भात घेतल्यामुळं.

त्यांच्या उशाशी ती प्रत सापडली. पहिल्या पानावर, शोकाकुलांच्या यादीत, बबनच्या वर त्यांनी पेन्सिलनं आत्याचं नाव लिहिलं होतं. मी खूप रडले. मग डोळे पुसून, ते वाचत कुठवर आले होते ते बघितलं. खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट त्याच पहिल्या पानाला चिकटून होतं.

म्हणजे मेल्यावर पुढं काय होतं, ते माझ्या तीनशे पानांत वाचण्यापेक्षा अण्णांनी स्वतः जाऊन बघणंच पसंत केलं!