दुर्बिणीतलं धुकं

आमचा मामा शेतात घुसणारी रानडुकरं मारायचं सरकारी काम करायचा. हिवाळ्यात त्याची बंदूक मागच्या गार शेडमध्येच असायची. ओली बंदूक उबेत ठेवली की तिच्यावरच्या जुन्या दुर्बिणीत दमट हवा शिरते आणि बाहेर नेल्यावर काच आतून धुरकटते, हे त्याने घरात शंभरदा सांगितलं होतं. तरी एकदा पावसात भिजलेली बंदूक मामीने मायेने शेगडीजवळ वाळत ठेवली.

सकाळी बटाट्याच्या शेतात काहीतरी काळं, वाकलेलं हलत होतं. शेतमालक कुजबुजला, "अहो, मारा की! वाट कसली बघताय?"

मामाने नेम धरला, तर काचेत नुसतं धुकं. बाहेरून पुसून काय होणार? मामीच्या नावाने चडफडत तो चिखलातून पुढे गेला. वीस पावलांवर त्याने बंदूक खाली केली. शेजारची बहिरी म्हातारी, पाठमोरी, काळ्या पोत्याखाली पार झाकलेली, राहिलेले बटाटे वेचत होती.

लोक म्हणाले, देवाची कृपा. कृपा कसली डोंबलाची! आमची मामी वेंधळी, एवढंच.

दमट हवा आत शिरू देणारं दुर्बिणीचं झिजलेलं रबर बदलून देतो, असं दुरुस्तीवाला पुढे दरवर्षी म्हणायचा. मामा दरवर्षी नको म्हणायचा.

"स्वच्छ दिसलं असतं," तो म्हणायचा, "तर मला ती डुकराची पाठच वाटली असती. मी चालत गेलोच नसतो."