अक्कांच्या पित्तातले खडे

आमच्या घरात मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, तीनदा आला. पहिल्यांदा माझ्या मुलाला, सुट्टीत करमाडला, गावच्या घरी, राहायला गेला होता तेव्हा. नंतर थोरल्या दिरांना. आणि मग पुतण्याच्या, घरात नुकत्याच आलेल्या बायकोला. तिला तिसरा महिना होता. ताप हटता हटेना आणि पोटातलं राहिलं नाही.

दर वेळी आम्ही पाण्याला दोष दिला. विहिरीत पावडर टाकली, फिल्टर बसवला, पाणी उकळून प्यायलो. मी शहरातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कित्येक वर्षं जंतूच तपासते. तरी मलाही पाण्यापलीकडचं काही सुचलं नाही. हे मी आधीच कबूल करते.

करमाडचं घर माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या हातावर चालायचं. सगळे त्यांना अक्का म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. अक्का कधी हसल्या नाहीत. माझ्या वाटणीच्या भाकरी सासूबाई उठायच्या आत करून ठेवायच्या. शेतावरच्या बायका, पाहुणे, रविवारी शहरातून जाणारे आम्ही, सगळ्यांना त्याच वाढायच्या. त्या आजारी पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. फक्त लग्नाआधी, लासूर स्टेशनला माहेरी, महिनाभर तापानं अंथरूण धरलं होतं आणि नंतर केस गळाले होते, एवढं त्या एकदा बोलल्या होत्या.

त्यांच्या सुनेचं, म्हणजे त्या पुतण्याच्या बायकोचं, ते सगळं झालं, त्या हिवाळ्यात अक्कांच्या उजव्या बरगडीखाली कळ निघाली. सोनोग्राफीत खडे दिसले. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "पिशवी? ती तर कवाच काढली माझी."

"ती नाय अक्का, पित्ताची."

आम्ही दोघी हसलो. त्यानंतर बरेच दिवस तसं हसणं झालं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. सर्जननी पित्त आणि दोन खडे तपासणीला पाठवले आणि ती बाटली माझ्याच टेबलावर आली. पित्त म्हणजे एका अर्थी शरीराचा साबण. ते तेलकट विरघळवतं, आणि पुष्कळ जंतूंचं वरचं आवरण फोडून त्यांनाही मारतं. टायफॉईडचा जंतू मात्र आत शिरलेलं पित्त बाहेर फेकत राहतो, आपलं आवरण घट्ट करतो, आणि खडा सापडला तर त्यावर चिकट थर धरून वर्षानुवर्षं मुक्काम करतो. ज्याच्या पोटात तो असतो त्याला ना ताप, ना दुखणं; पण जंतू शौचावाटे बाहेर पडत राहतो आणि हातावरून दुसऱ्याच्या अन्नात जातो. रक्तातून हा जंतू शोधायचा असला तर आम्ही ते रक्त मुद्दाम पित्त घातलेल्या बाटलीत सोडायचो. बाकीचे मागं पडतात, हा वाढतो. अशा किती बाटल्या मी निर्धास्त हाताळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंतू वाढवायच्या प्लेटवर फिकट, बिनरंगाचे ठिपके उगवले होते, टायफॉईडचे असतात तसे. मी पुढच्या चाचण्या केल्या, लॅबच्या प्रमुख मॅडमना दाखवलं. त्यांनी सगळं पुन्हा करून बघितलं. टायफॉईडच निघाला.

"सांगावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "औषध पूर्ण व्हायला हवं. आणि तपासण्या स्वच्छ येईपर्यंत स्वयंपाक बंद."

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. "औषध दे. कारण कशाला सांगतेस? वहिनी खचतील."

दोन दिवस विचार करून मी करमाडला गेले. अक्का अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या.

"म्हंजे तुझ्या पोराला ताप आला, तो माझ्याकडून?"

"बहुतेक."

"आन् ह्यांना?"

"बहुतेक."

शेंगा सोलणारी बोटं थांबली. "आन् सूनबाईचं?"

इथं खोटं बोलायचं असं ठरवून मी गेले होते. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. "नक्की सांगता येत नाही, अक्का. पण असू शकतं."

त्या रडल्या नाहीत. दोन्ही हात पदराखाली घेतले. "मी तर हात धुवत व्हते गं."

"तुमचा काही गुन्हा नाही."

"गुन्हा नाय. पण झालं ना माझ्या हातून."

संध्याकाळी मला शेजारी बसवून त्यांनी स्वतःच सुनेला सांगितलं. सुनेनं ऐकून घेतलं, उठली, खोलीत गेली आणि कडी लावली. दुसऱ्या दिवशी ती अजिंठ्याला माहेरी गेली. महिन्यानं परत आली, ती कुणाला काही न बोलता स्वयंपाकघरात शिरली. अक्कांनी गोळ्या एकही न चुकवता घेतल्या. गरज नाही असं मी सांगूनही आपलं ताट-तांब्या वेगळा ठेवला. पुढं शौचाच्या तीन तपासण्या स्वच्छ आल्या. रिपोर्ट वाचून दाखवला की त्या "बरं" म्हणायच्या, पण तव्याला हात लावायच्या नाहीत.

नंतर सुनेला मुलगी झाली. उष्टावणाच्या आधी तिचा मला फोन आला. सासूला, अक्कांना, ती आत्याबाई म्हणते.

"काकू, आत्याबाईंची अजून एकदा तपासणी करता येईल का? तुम्हाला वाईट वाटंल..."

मला वाईट वाटलं नाही. तिच्या जागी मीही विचारलं असतं. अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही, नमुन्याची डबी तेवढी मागून घेतली. तीही तपासणी स्वच्छ आली.

उष्टावणाला मामानं पहिला घास दिला. अक्का दाराशी बसल्या होत्या. सुनेनं मुलीला उचललं आणि सरळ त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. खिरीची वाटी पुढं केली. अक्कांचा हात वाटीपर्यंत गेला आणि थांबला.

"चमचा दे," त्या म्हणाल्या.

सुनेनं चमचा दिला. पोरीनं अर्धी खीर गिळली, अर्धी हनुवटीवर आली. अक्का पुसायला वाकल्या, पण मध्येच थांबल्या. सुनेनं रुमालानं पुसलं.

"अजून एक द्या, आत्याबाई," ती म्हणाली. अक्कांनी चमचा पुन्हा भरला.