पावतीवरची ‘एक बहीण’

आमच्या पाड्यावरच्या बायकांनी समितीला वर्गणी दिली, तेव्हा पावतीवर एकीनेही आपलं नाव घालू दिलं नाही. त्याची सुरुवात माझ्यापासून झाली. म्हणून पुढचं सगळं मीच लिहून ठेवते.

उधवा गावाच्या पुढे डोंगराला लागून आमचे जमिनीचे तुकडे आहेत. सासऱ्यांच्या वडिलांपासून तिथे भात आणि नागली पिकते. सरकारच्या दप्तरात मात्र ते जंगल आहे. आम्ही वनहक्काचे दावे केले, ते नाकारले गेले. मग तीन-चार गावांनी मिळून समिती केली, बँकेत खातं काढलं आणि कोर्टात वकील द्यायचं ठरवलं. मोर्चेही काढायचे होते. वर्गणी गोळा करायचं काम माझ्या नणंदेकडे आलं. ती आठवी शिकलेली आणि बोलायला धीट.

मी तेव्हा चिखल्याला एका वाडीत, म्हणजे चिकूच्या बागेत, फळं निवडायला जात होते. आठवड्याची मजुरी हातात आली की त्यातली तीन दिवसांची नणंदेला द्यायची, हे मी मनाशी ठरवलं होतं. दिली. तिने पावतीपुस्तक उघडून विचारलं, “वहिनी, नाव काय लिहू?”

मी म्हटलं, “नको. लिही, एक बहीण.”

तिने लिहिलं. बाकीच्या बायका बघत होत्या. आमच्याकडे दिलेलं सांगत फिरणं बरं मानत नाहीत. शिवाय दावा नवऱ्याच्या नावाने, वाडी दुसऱ्याची, उगाच कोणाच्या डोळ्यावर कशाला यायचं, हेही होतंच. एकामागून एक सगळ्यांनी तेच सांगितलं. पुस्तकं संपली. सगळीकडे एक बहीण, एक बहीण.

पावसाळा सरल्यावर नणंद बँकेतून तोंड पाडून आली. सरकारच्या हुकुमावरून खातं गोठवलं होतं. तिने कागद आम्हाला वाचून दाखवला. वर्गणी देणाऱ्यांची ओळख पटत नाही, पैसे कुठून आले ते कळत नाही, चौकशी होईपर्यंत एक पैसाही काढता येणार नाही, असं त्यात होतं. कोर्टाची तारीख जवळ होती. वकिलाला पैसे पोचले नाहीत तर तो उभा राहणार नाही आणि दावे तिथेच संपतील, एवढं आम्हाला कळलं.

शेजारची म्हातारी म्हणाली, “त्यांना वाटलं असेल, ही बहीण कोणी परदेशातली बाई आहे.” आम्ही हसलो, पण मला रात्रभर वाटत राहिलं की हे माझ्यामुळे झालं.

देणाऱ्यांनी तालुक्याला येऊन साहेबासमोर जबाब द्यावा, असा निरोप आला. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, “जायचं तर जा, मी आडवा येणार नाही. पण तिथे तुझ्या तोंडून शब्द निघेल का?” त्याचं काही चुकलं नव्हतं. शाळेत हजेरी घेताना माझा आवाज गुरुजींपर्यंत पोचायचा नाही. वर्गात बसलेली असूनही माझी गैरहजेरी लागायची. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मला थोडं बरंच वाटलं होतं.

तरी तालुक्याच्या कचेरीत पहिली मीच आत गेले.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने मला खुर्ची दिली. मी टोकावर बसले. त्याने विचारलं, कोणी जबरदस्ती केली का, कोणी फसवून पैसे घेतले का. तसं असेल तर लिहून द्या, तुमचे पैसे परत मिळतील, असंही म्हणाला. तीन दिवसांची मजुरी परत मिळणार होती. बाहेर उभ्या बायकांनाही ते ऐकू जात होतं.

मी म्हटलं, “माझेच आहेत. मीच दिलेत. परत नकोत.”

“मग पावतीवर नाव का नाही?”

“साहेब, महालक्ष्मीला नारळ ठेवताना आम्ही नाव सांगत नाही.”

कारकून हसला. साहेब हसला नाही. तो म्हणाला, “बाई, नारळाची गोष्ट वेगळी. उद्या कोणी अशीच बिननावाची वर्गणी दंगलीसाठी गोळा केली, तर सरकारने बघत बसायचं का?”

मला उत्तर सुचलं नाही. त्याचं बोलणं खोटंही वाटेना. मी माझं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, पाडा सांगितला. कारकुनाने अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला, तेव्हा मी पेन मागितलं. माझ्यामागून सगळ्या आल्या. एकीनेही पैसे परत मागितले नाहीत. कारकुनाचा हात दुखून आला.

उत्तर मला दुसऱ्या दिवशी वाडीत सुचलं. हातात चिकू होते. खोक्यात एक नासका असल्याची शंका आली की आम्ही खोकं ओततो, तो काढतो, बाकीचे त्याच दिवशी गाडीत चढवतो. शंका आली म्हणून खोकं खिळे ठोकून बाजूला ठेवलं, तर आठवड्यात चांगलेही सगळे जातात. मग नासका कोण होता ते शोधून काय उपयोग? सरकारने विचारावं, जरूर विचारावं. पण कोर्टाची तारीख टळून जाईपर्यंत सगळं कुलपात ठेवायचं आणि वर चौकशी चालू आहे म्हणायचं, हे मला पटत नाही. आणि पैसे कोणाविरुद्ध खर्च होणार, तर सरकारविरुद्धच. मग किल्लीही त्याच्याच हातात कशी? ती कोर्टाकडे तरी हवी. हे मी साहेबाला सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहिलं.

खातं सुटलं, तारखेच्या चार दिवस आधी. वकील उभा राहिला. निकाल अजून लागलेला नाही. तुकड्यावर यंदाही नागली लावली आहे.

एक गोष्ट मात्र आता बदलणार नाही. आमच्या सगळ्यांची नावं त्या कचेरीच्या कपाटात आहेत. कोणी कशासाठी दिलं, तेही त्यात आहे. नणंदेला त्याची धास्ती वाटते. मला आधी वाटायची. आता वाटतं, कोणी ते कपाट उघडलंच, तर पहिला जबाब माझा निघेल, आणि त्याखाली सही आहे.