खुणा विचारणारे हमीदचाचा

मी आज पदवीधर आहे, यात सर्वांत मोठे उपकार हमीदचाचांचे. औरंगाबादच्या आमच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत ते वसतिगृहाचे शिपाई होते. घर शहागंजात. त्यांना स्वतःला उत्तम ऐकू यायचं.

नवा मुलगा आला की ते त्याला हौदापाशी नेत, पाण्याकडे बोट दाखवत आणि भुवया उंचावत: तुझ्या गावी याला काय म्हणतोस? कुणी ओंजळ करी, कुणी विहिरीतून दोर ओढल्यासारखं करी. मी कमरेपाशी हात गोल धरला. चाचा बुचकळ्यात पडले. मग तसाच हात धरून ते चार पावलं चालले आणि हसले. त्यांना घागर दिसली होती. कोण आणतं, असं त्यांनी विचारलं. मी नाकाला बोट लावून नथ दाखवली. आई.

वर्गात ओठ पाहून बोलायला शिकवत; वसतिगृहात हात मोकळे. वर्षभरात मुलांकडून मी भराभर खुणा शिकलो, पण तोंडातून शब्द फुटला नाही. दिवाळीनंतर वडील अजिंठ्याजवळच्या आमच्या गावाहून मला कायमचं न्यायला आले. त्या दिवशीचं बोलणं त्यांनीच मला पुढे अनेकदा सांगितलं.

"वरीस झालं, एक शब्द बोलत नाय. घरी गुरं तरी राखंल."

"बोलता है, पाटील. बहरे तो तुमीच हैं," चाचा म्हणाले. "बैठो. उसको क्या पूछना है, पूछने दो. मैं बताता."

वडील बाकावर बसले. मला काही विचारायचं असेल, हे माझ्या नऊ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या मनात आलं नव्हतं. मी आधी तांबड्या बैलाचं विचारलं. विकला, म्हणाले. मग मी नाकाला बोट लावलं.

चाचांचे हात थांबले. "माँ का पूछ रा. दवाखाने से कब आती बोलके."

"ती तर दोन वर्सांमागं तिकडंच वारली."

"इसको बताया किसने?"

वडील म्हणाले, "तुम्ही सांगा."

"नको. मैं सिखाता, तुम बताओ."

वडिलांचे हात दोनदा चुकले. तिसऱ्यांदा मला कळलं.

संध्याकाळी वडील एकटेच परतले. निघताना त्यांनी चाचांकडून आणखी एक खूण मागून घेतली: पुन्हा येईन.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी गावाहून पत्र लिहिलं:

"चाचा, सलाम. पास झालो. मार्क बेताचेच आहेत. काल वडिलांशी भांडण झालं. मी शहरात नोकरी बघतो म्हणतो, ते म्हणतात गावच्या शाळेत अर्ज कर. अर्धा तास दोघांचे हात चालले होते. शेवटी रागावून ते माझ्याकडे पाठ करून बसले. मी समोर गेलो, तर पुन्हा फिरले. शेजारी बघायला जमले होते. आज सकाळी मला चहा दिला आणि त्यांनीच पुन्हा सुरुवात केली. आपला, दत्ता."