मालक उभा पाहिजे

केदारखेड्याच्या आसराबाईचे हात बघितले तर त्यात बघण्यासारखं काही नाही. बोटं आखूड, नखं बोथट, तळव्याला काठी धरून धरून आलेले घट्टे. पण मेंढी अडली, कोकराची मान आत मागं वळली, की पूर्णेच्या काठच्या धनगरवस्तीतली माणसं दुसऱ्या कुणाकडं जात नाहीत. आसराबाई येते, हाताला गोडंतेल चोळते, डोळे मिटते आणि हात आत घालते. डोळे कशाला मिटायचे, असं कुणी विचारलं तर म्हणते, "उघडे ठिवले की बोटं ऐकत न्हाईत."

हेच हात पुढं कुलपं उघडायला लागले. आमच्या गावाला ज्याचा अभिमान आहे, अशा थोड्या गोष्टींत ही एक आहे, म्हणून सावकाश सांगतो.

तिचा मुलगा अंगद भोकरदनला बसस्टँडजवळ चाव्या बनवतो. चावी आणून दिली तर तशीच दुसरी घासून देणं त्याला येतं. पण चावी हरवलेला माणूस आला की अंगदकडं एकच इलाज, हातोडा. लोक कुरकुरायचे. म्हणून त्यानं मोबाइलवरून कुलूपवाल्यांची हत्यारं मागवली. चामड्याचं घडीचं पाकीट, त्यात दातकोरण्यापेक्षा थोड्या मोठ्या पोलादी सळया, प्रत्येकीचं टोक वेगळ्या वळणाचं. सोबत एक वाकडी पट्टी, आणि शिकण्यासाठी काचेसारखं आरपार दिसणारं कुलूप. अंगदनं चार दिवस खटपट केली, दोन सळया वाकवल्या आणि पाकीट कोनाड्यात टाकलं.

"माय, हे आपल्या बोटाचं काम न्हाई," तो म्हणाला.

"आण इकडं," आसराबाई म्हणाली. "बघू दे तुझी मेंढी कुठं अडली ती."

दुसऱ्या दिवशी ते पाकीट तिच्या ओटीत बांधून रानात गेलं. मेंढ्या धसकटात तोंड घालून चरत होत्या. बांधावर बसून तिनं कुलूप उन्हात धरलं, आणि आतलं सगळं तिला दिसलं! पाच पितळी पिना, प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक स्प्रिंग, जशा काही दावणीला बांधलेल्या. पट्टीनं हलका दाब ठेवायचा, सळईनं एकेक पीन वर उचलायची, ती आपल्या जागी पोचली की टिक करून तिथंच थांबते. दाब जास्त झाला की सगळ्या अडून बसतात, कमी झाला की सगळ्या घसरून खाली. ऊन कलेपर्यंत ती उचलत राहिली. एकाएकी पट्टी तिच्या बोटाखाली फिरली.

"प्रेमले! उघडलं गं! उघडलं!"

मेंढ्या दचकून पांगल्या. लांबून सून प्रेमला धावत आली. "काय झालं आत्याबाई? साप हाय का?"

"साप न्हाई, कुलूप! चावी न्हाई, काही न्हाई, आन् उघडलं!"

"मंग आता काय करायचं त्याचं?"

"लावायचं. आन् परत उघडायचं."

तसं ती करत राहिली. मग डोळे मिटून. मग पदराखाली. मग अंगदच्या दुकानातली खरी कुलपं आली, दारात बसवायची, ज्यांच्या पोटातलं काही दिसत नाही. तिला दिसायची गरजच नव्हती. वस्तीत नवीन घरं झाली आहेत, त्यांना वाऱ्यानं आपटलं की आपोआप लागणारी दारं आहेत. आतमध्ये चावी, बाहेर माणूस. आधी लोक खिडकी फोडायचे, आता आसराबाईला हाक मारायला लागले. दार उघडलं की पोरं टाळ्या वाजवायची. शेजारची सोनूबाई म्हणायची, "आमच्या ह्यांचं तोंड लग्नापासून बंद हाय बाई, तेवढं जमतं का बघा!"

आणि याच सोनूबाईचे चांदीचे तोडे एक दिवस सापडेनात. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजही नव्हती. आसराबाई हापशावर गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. तोडे नंतर तुरीच्या कणगीत सापडले, सोनूबाईनंच लपवून ठेवलेले. ती रडत माफी मागायला आली. पण आसराबाईच्या मनाला जे लागलं ते लागलं.

पुढच्या रविवारी सगळी वस्ती बिरोबाच्या देवळापुढं असताना ती उठली आणि देवाच्या पुढ्यातला हळदीचा भंडारा मुठीत घेतला. भंडारा उचलून बोललेला शब्द आमच्यात शेवटचा असतो.

"मालक समोर उभा असल्याबिगर मी कुणाच्या दाराला सळई लावणार न्हाई," ती म्हणाली. "लावली तर माझ्या कळपात त्या साली कोकरू जगू नको."

देवाचे भगत धर्मराजबाबा चपापले. "आसरे, कोकरावर कशाला उचलती? सोतावर उचल."

"माझ्यावर उचललं तर लोकांना काय फरक पडतो बाबा?"

त्या दिवसापासून तिच्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. हाक आली की तिचा पहिला सवाल तोच. मालक कुठाय? गॅसवर दूध उतू जात असलं तरी आधी मालक समोर उभा पाहिजे.

यंदा माघात हरभरा निघाला आणि आसराबाई कळप घेऊन नदीपलीकडच्या शिवारात गेली. नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या, पाय लटपटणारी कोकरं. दुपार ढळायच्या आत उत्तरेकडून आभाळ आलं. पावसाचं आभाळ काळं असतं, हे हिरवट होतं. आसराबाईनं एकदा वर बघितलं आणि काठी उचलली.

"प्रेमले, गारा येऊन राह्यल्या! हाण, गोदामाकडं हाण!"

त्या माळावर आडोसा एकच. जालन्याचे कापसाचे व्यापारी बद्रीनारायणशेठ यांचं गोदाम. कापूस विकून झालेला, आत मोकळी जागा, वर पक्का पत्रा. टांगतं कुलूप चोर कापतात म्हणून शेठनं लोखंडी दारातच नवीन पद्धतीचं, दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप बसवून घेतलेलं. चावी जालन्यात. कळप भिंतीला लागला तेव्हा पहिली गार पत्र्यावर वाजली.

पाकीट आसराबाईच्या ओटीत होतं. हात तिकडं गेला आणि थांबला.

"आत्याबाई, उघडा ना!" प्रेमला ओरडली.

"मालक कुठाय?"

"मालकाचं काय घेऊन बसलात! कोकरं मरतील!"

"अगं, उघडलं तर मरतील! कोकरावरच उचललाय ना मी भंडारा!"

प्रेमलानं इकडंतिकडं बघितलं. गोदामाच्या भिंतीवर निळ्या रंगात हातभर अक्षरं, बद्रीनारायण, कापूस खरेदी, खाली मोबाइल नंबर. तिनं फोन काढला.

शेठ जालन्यात भाचीच्या लग्नात पंगतीला बसले होते. मागं बँड वाजत होता. त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"अरे बाई, घ्या ना मेंढ्या आत, बिलकुल घ्या! पण चावी माझ्यापाशी. ते कुलूप तुमच्याच्यानं खुलायचं नाही, कंपनीच्या माणसानं सांगितलंय."

"ते मी बघते," आसराबाई म्हणाली. "आवाज नको शेठ, तुम्ही दिसले पाहिजेत. प्रेमले, ते तोंड दिसायचं लाव."

पडद्यावर शेठ आले. गुलाबी फेटा, पुढ्यात ताट.

"आता उभे राहा."

"काय?"

"उभे राहा! माझा भंडारा हाय, मालक समोर उभा पाहिजे. जल्दी करा!"

"जेवता जेवता उठू?" शेठ आजूबाजूला बघायला लागले. शेजारून त्यांच्या आईचा आवाज आला, "बद्री, थाली पे से उठते नहीं बेटा!" शेठनं फोन आईच्या हातात दिला. मग ताट हातात घेतलं आणि ताटासकट उभे राहिले. सगळी पंगत खाली बसलेली, मधोमध शेठ उभे.

आसराबाईनं सळई कुलपात घातली.

आणि गारांनी एकदम झोड उठवली! आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पत्रा असा कडाडला की शेजारचं माणूस ऐकू येईना. मेंढ्यांनी एकमेकींच्या पोटाखाली डोकी घातली. प्रेमलानं एका हातानं फोन धरला, दुसऱ्या हातानं कोकरं लुगड्याखाली ओढायला लागली. एक पांढरं कोकरू बाहेर राहिलं. त्याच्या कानामागं गार बसली आणि ते आडवं झालं.

"आत्याबाई, रेंज गेली! शेठ हालत न्हाईत!"

"उभे हायत का?"

"उभेच हायत. पुरी तोंडाजवळ धरून."

"मंग राहू दे!"

बोटं गारठली होती. तिनं क्षणभर काखेत दाबली आणि पुन्हा लावली. कानाला काही ऐकू येत नव्हतं, पण तिला कान लागतच नव्हते. पहिली पीन, दुसरी, तिसरी. पट्टी थोडी फिरली. उघडलं! पण नाही. इतकंसं फिरून ती अडली. ना पुढं, ना मागं. कंपनीच्या माणसानं सांगितलं ते याच्यासाठी असणार. हे कुलूप उघडल्याचं सोंग करत होतं.

दुसऱ्या कुणी जोर लावला असता. आसराबाईनं डोळे मिटले. जुळी कोकरं अडली की हाताला पाय लागतात, पण एक पाय याचा, एक त्याचा. ओढलं तर दोन्ही जातात. एकाला आधी मागं लोटावं लागतं. आलेलं सोडून द्यावं लागतं. तिनं पट्टीवरचा दाब हळूहळू सैल केला, अगदी केसभर. एक पीन घसरली. पाठीवर गारा बसत होत्या, पण तिचा हात घाईला आला नाही. घसरलेली पीन तिनं पुन्हा उचलली, जरा जास्त.

पट्टी फिरली ती फिरतच गेली. लोखंडी दार आत ढकललं गेलं आणि सगळा कळप एकमेकांना रेटत अंधारात घुसला.

"उघडलं शेठ!" प्रेमला थिजलेल्या चित्राकडं बघून ओरडली.

गारा थांबल्या तेव्हा माळ पांढरा झाला होता. वस्तीवरची माणसं चिखल तुडवत आली. बघतात तर कळप कोरडा, आणि आसराबाई दाराबाहेर बसलेली. ती उंबरा ओलांडून आत गेलीच नव्हती. तिच्या शेजारी पऱ्हाटीचा जाळ करून प्रेमला पांढऱ्या कोकराला शेकत होती. त्याचा श्वास चालू होता, पण मान टाकलेली. आईजवळ नेलं तरी त्यानं तोंड उचललं नव्हतं. आता सगळ्यांचे डोळे त्या कोकरावर. ते गेलं तर भंडारा मोडला, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

वाद सुरू झालाच.

"शेठ उभे होते की!" सोनूबाई म्हणाली.

"उभे होते जालन्यात," एक म्हातारा म्हणाला. "समोर होते का?"

"तोंड समोर होतं ना!"

"आन् नंतर चित्र अडकलं, तव्हा? शेठ बसले बी असतील जेवायला!"

"तुम्ही काय बी बोला, माणूस दिसत होता तंवर..."

"बाबा, तुम्ही सांगा," आसराबाई धर्मराजबाबांना म्हणाली.

बाबांनी दाढी खाजवली. "आसरे, आमच्या बापजाद्यांनी फोन बघितला न्हाई. मला न्हाई सांगता येत."

ऊन पिवळं होत असताना चिखलातून एक पांढरी गाडी डुलत आली. बद्रीनारायणशेठ उतरले, लग्नाच्या कपड्यांत, फेटा तसाच. गोदामाचा पत्रा बघायला आले असणार, पण आधी ते दारापाशी आले, कुलपाला हात लावून बघितला, ओरखडा शोधला. मिळाला नाही. त्यांनी खिशातून चावी काढली.

आसराबाई उठली. तिनं दार ओढून घेतलं. खट्ट. कळप आत, सगळी माणसं बाहेर.

"चावी खिशात ठेवा शेठ. हितं उभे राहा."

"परत?"

"तव्हा तुम्ही जालन्यात होते. आता समोर हायत. माझा शब्द पुरा होऊ द्या."

शेठ हसणार होते. त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसले नाहीत. चपला काढून, चिखलात, हात जोडून उभे राहिले. आता गारा नव्हत्या, थंडी नव्हती, कुठली घाई नव्हती. आसराबाईनं डोळे मिटले. बोटं निवांत चालली होती. एक पीन, दुसरी, तिसरी, मग ते सोंग, मग एक पाऊल मागं, आणि मग तो बारीक आवाज सगळ्यांनी कानानं ऐकला. धर्मराजबाबांनी चंचीतला भंडारा काढून दारावर उधळला.

दार उघडलं आणि मेंढ्या बाहेर आल्या. कोकरं पाजायची वेळ झाली होती, सगळ्यांच्या कासा भरलेल्या. त्या बें बें करत पिलांना हाका मारायला लागल्या. त्यातली एक जाळापाशी येऊन थांबली आणि जोरात ओरडली. प्रेमलाच्या मांडीवरचं कोकरू हाललं. त्यानं मान उचलली, ती पडली, पुन्हा उचलली. मग घशातून बारीक, फाटका आवाज काढला. मेंढी पुढं झाली, त्याचं कपाळ चाटायला लागली. ते पुढच्या गुडघ्यांवर आलं. मग चारी पायांवर. लटपटत, कलंडत ते कासेला लागलं आणि त्याची शेपटी हलायला लागली.

आसराबाईनं पदर तोंडाला लावला होता. डोळे हसत होते की रडत होते, सांगता येत नव्हतं.

"बाई," शेठ चिखलातून हळूच म्हणाले, "आता बसू का?"

"बसा शेठ," ती म्हणाली. "आता बसा."